पंडिता क्षमाबाई राव यांच्या कन्या लीला राव : एका टेनिस विजेतीचे ऐतिहासिक मूल्यमापन

प्रस्तावना :

आधुनिक भारताच्या इतिहासलेखनात राजकीय चळवळी, समाजसुधारणा आणि आर्थिक शोषण या विषयांना मध्यवर्ती स्थान मिळाले. त्या तुलनेत क्रीडाक्षेत्राकडे इतिहासकारांचे लक्ष उशिरा गेले. त्यातही जे लेखन झाले ते प्रामुख्याने क्रिकेट, हॉकी व कुस्ती या खेळांबाबत आणि मुख्यतः पुरुष खेळाडूंविषयी आहे. परिणामी अनेक कर्तबगार स्त्री-खेळाडू एखाद्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकातील एका ओळीपुरत्या उरल्या. 'विम्बल्डन स्पर्धेत सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला' ही अशीच एक ओळ असून तिच्यामागे लीला राव यांचे संपूर्ण आयुष्य झाकले गेले आहे.

लीला राव यांना केवळ 'पहिल्या' या विशेषणाने ओळखणे अपुरे आहे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यांची कारकीर्द कोणत्या कौटुंबिक व सामाजिक परिस्थितीत घडली आणि ती सार्वजनिक स्मरणातून का ओसरली, या दोन प्रश्नांच्या आधारे त्यांचे मूल्यमापन करण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

घराण्याची पार्श्वभूमी :

लीला राव यांचा जन्म १९ डिसेंबर १९११ रोजी झाला. त्यांचे वडील डॉ. राघवेंद्र राव हे मुंबईतील नामवंत वैद्यकतज्ज्ञ होते, तर आई पंडिता क्षमाबाई राव (१८९०-१९५४) या विसाव्या शतकातील अग्रगण्य संस्कृत कवयित्री होत. क्षमाबाईंचे वडील शंकर पांडुरंग पंडित हे वेदविद्येचे थोर अभ्यासक. अथर्ववेदाच्या सायणभाष्यासह केलेल्या संपादनामुळे त्यांचे नाव प्राच्यविद्येच्या क्षेत्रात कायम झाले आहे. तुकारामांच्या अभंगगाथेची इंदुप्रकाश छापखान्यातून प्रसिद्ध झालेली प्रत सिद्ध करण्यातही त्यांचा वाटा मोठा होता.

१८९४ मध्ये शंकर पांडुरंग निवर्तले तेव्हा क्षमाबाई अवघ्या तीन-चार वर्षांच्या होत्या. पित्याचे छत्र हरपलेल्या या मुलीने पुढे संस्कृतवर असामान्य प्रभुत्व मिळविले. सविनय कायदेभंगाच्या चळवळीवर आधारलेले त्यांचे 'सत्याग्रहगीता' हे अठरा अध्यायांचे काव्य १९३२ मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध झाले. 'शंकरजीवनाख्यान' या काव्यात त्यांनी पित्याचे चरित्र गायिले आणि तुकाराम, रामदास व ज्ञानेश्वर या महाराष्ट्रीय संतांची चरित्रे संस्कृतात आणली. विशेष म्हणजे याच क्षमाबाई मुंबईच्या टेनिस वर्तुळात एक कुशल खेळाडू म्हणूनही परिचित होत्या. लीलाबाईंना ग्रंथ आणि रॅकेट हे दोन्ही आईकडूनच मिळाले. एकोणिसाव्या शतकातील स्त्री-शिक्षणाच्या इतिहासात पिता किंवा पती हा शिक्षक असल्याची उदाहरणे विपुल आढळतात. येथे मात्र विद्येचा व खेळाचा वारसा आईकडून मुलीकडे गेला.

तत्कालीन टेनिस व स्त्रिया :

लॉन टेनिस हा खेळ भारतात ब्रिटिश अधिकारी व त्यांचे कुटुंबीय यांच्यासोबत आला. जिमखाने व क्लब ही त्याची केंद्रे होती. १९२० मध्ये अखिल भारतीय लॉन टेनिस संघटनेची स्थापना झाली आणि १९२१ मध्ये भारताने डेव्हिस चषक स्पर्धेत प्रथमच भाग घेतला. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये महिला टेनिसमध्ये भारताच्या नावाने नोरा पॉली खेळल्या. भारतीय समाजातून या खेळाकडे वळलेल्या आरंभीच्या स्त्रियांत लेडी मेहेरबाई टाटा यांचे नाव अग्रभागी असून त्या साडी नेसून टेनिस खेळत असत. एकंदरीत, स्पर्धांत दिसणाऱ्या स्त्रिया बहुतांशी युरोपीय, अँग्लो-इंडियन अथवा पारशी समाजातील होत्या. अशा काळात एका महाराष्ट्रीय विद्वत्-कुटुंबातील मुलीने अखिल भारतीय पातळीवर अजिंक्यपद मिळवावे, ही घटना सामाजिकदृष्ट्या महत्त्वाची ठरते.

क्रीडा कारकीर्द :

१९३१ ते १९४३ या कालखंडात लीला राव यांनी अखिल भारतीय अजिंक्यपद स्पर्धेत महिला एकेरीचे विजेतेपद सात वेळा पटकाविले. हे सातत्य त्यांच्या श्रेष्ठत्वाचा सर्वांत भक्कम पुरावा होय. १९३४ मध्ये विम्बल्डनच्या महिला एकेरीत त्यांनी पहिल्या फेरीत ग्लॅडिस साउथवेल यांचा पराभव केला. दुसऱ्या फेरीत फ्रान्सच्या इडा आदामॉफ यांच्याकडून त्यांना हार पत्करावी लागली. १९३५ मध्ये त्या पुन्हा विम्बल्डनला खेळल्या. परंतु या वेळी पहिल्याच फेरीत त्यांचे आव्हान संपुष्टात आले.

या कामगिरीचा विचार करताना एक बाब दृष्टिआड करता येत नाही. दुसऱ्या महायुद्धामुळे १९४० ते १९४५ या काळात विम्बल्डन स्पर्धा झालीच नाही. म्हणजेच लीलाबाई भारतात विजेतेपदे मिळवीत होत्या त्या काळाचा उत्तरार्ध आंतरराष्ट्रीय टेनिस ठप्प असलेल्या वर्षांत गेला. केवळ विम्बल्डनमधील फेऱ्या मोजून त्यांची योग्यता ठरविणे म्हणूनच अन्यायाचे होईल.

दोन निष्ठांचा प्रश्न :

१९३२ मध्ये आईचे 'सत्याग्रहगीता' प्रसिद्ध होते आणि दोनच वर्षांनी मुलगी साम्राज्याच्या राजधानीतील हिरवळीवर खेळते, यात वरकरणी विसंगती वाटते. तथापि तत्कालीन उच्चशिक्षित भारतीय वर्गाच्या जीवनात अशा गोष्टी एकत्र नांदत होत्या. ब्रिटिशांचा खेळ त्यांच्याच नियमांनी खेळून जिंकणे ही राजनिष्ठाच होती असे मानण्याचे कारण नाही. समान नियमांच्या मैदानावर समानता सिद्ध करण्याची संधी म्हणूनही त्याकडे पाहता येते.

त्याच वेळी या यशामागील वर्गीय पाया मान्य करणे इतिहासाच्या अभ्यासकास क्रमप्राप्त आहे. आखलेले मैदान, रॅकेट व चेंडूंचा खर्च, क्लबचे सभासदत्व आणि युरोपचा सागरी प्रवास या गोष्टी मूठभर कुटुंबांनाच परवडणाऱ्या होत्या. आज वाशिम जिल्ह्यात असलेले किन्हीराजा हे गाव त्या काळी वऱ्हाडातील अकोला जिल्ह्याच्या कक्षेत येत होते. अशा शेतीप्रधान गावातील मुलीच्या दृष्टीने प्राथमिक शाळेची पायरी चढणे हीच कठीण बाब होती. टेनिसचे मैदान तर कल्पनेच्याही पलीकडचे होते. वऱ्हाडातील शारीरिक शिक्षणाची परंपरा क्लबच्या हिरवळीवर नव्हे, तर आखाड्याच्या मातीत वाढली. १९१४ मध्ये अमरावतीत स्थापन झालेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ हे त्याचे ठळक उदाहरण होय. लीलाबाईंचे कर्तृत्व निर्विवाद आहे. मात्र त्यांना मिळालेली संधी त्यांच्या पिढीतील असंख्य मुलींना नाकारली गेली होती, हेही तितकेच निर्विवाद आहे.

टेनिसनंतरचे जीवन :

लीला राव यांचा विवाह भारतीय सनदी सेवेतील अधिकारी हरीश्वर दयाळ यांच्याशी झाला. दयाळ हे पुढे नेपाळमध्ये भारताचे राजदूत झाले आणि तेथेच १९६४ मध्ये खुंबूच्या पर्वतीय प्रदेशात त्यांचे निधन झाले. लीलाबाईंनी नृत्यशास्त्राचा अभ्यास केला. त्यांचा 'नृत्तमंजरी' हा ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. आईच्या अनेक कथा व चरित्रकाव्यांना त्यांनी संस्कृत नाट्यरूप दिले. आजोबांनी तुकारामांची गाथा संपादिली, आईने तुकारामांचे चरित्र संस्कृत काव्यात रचले आणि नातीने त्यावर संस्कृत नाटक लिहिले. तीन पिढ्यांचा हा क्रम पाहिला म्हणजे टेनिस ही लीलाबाईंच्या जीवनाची एक बाजू होती, हे स्पष्ट होते.

विस्मरणाची कारणे :

गौस महंमद यांनी १९३९ मध्ये विम्बल्डनची उपांत्यपूर्व फेरी गाठली. त्यांचा उल्लेख भारतीय टेनिसच्या इतिहासात आवर्जून होतो. लीलाबाईंच्या वाट्याला तेवढे सातत्यपूर्ण स्मरण आले नाही. १९६८ पासून टेनिसमध्ये व्यावसायिक खेळाडूंना प्रवेश मिळून 'खुले युग' सुरू झाले आणि विक्रमांची गणना नव्याने होऊ लागली. १९७१ मध्ये विम्बल्डनच्या मिश्र दुहेरीत आनंद अमृतराज यांच्या साथीने खेळलेल्या निरुपमा मांकड, १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियन स्पर्धेत एकेरीचा सामना जिंकणाऱ्या निरुपमा वैद्यनाथन आणि त्यानंतर सानिया मिर्झा यांचे यश निःसंशय मोठे आहे. परंतु त्यांच्यासाठी 'पहिली' हे विशेषण वापरताना 'खुल्या युगातील' हे दोन शब्द गळले, की १९३४ चा विजय पुसला जातो. दुसरे कारण अभ्यासशाखांच्या विभागणीत आहे. क्रीडा अभ्यासकांना संस्कृत नाटककार लीला राव-दयाळ परिचित नाहीत आणि संस्कृतच्या अभ्यासकांना टेनिस विजेती लीला राव क्वचितच ठाऊक असतात. एकाच व्यक्तीचे आयुष्य असे दोन कप्प्यांत विभागले गेले.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येते की, लीला राव यांचे ऐतिहासिक महत्त्व विम्बल्डनमधील एका विजयापुरते सीमित नाही. सात राष्ट्रीय विजेतेपदे, आईकडून लाभलेला दुहेरी वारसा आणि खेळानंतरची वाङ्मयीन साधना या तिन्हींचा एकत्रित विचार झाल्यासच त्यांचे यथार्थ चित्र उभे राहते. त्यांचे चरित्र केवळ अनुकरणासाठी आदर्श म्हणून सांगणे पुरेसे नाही. कर्तृत्व फुलण्यासाठी कोणत्या सोयी लागतात आणि त्या कोणाला मिळतात, हा प्रश्न त्यातून विद्यार्थ्यांपुढे ठेवता येतो.

ग्रामीण महाविद्यालयांच्या दृष्टीने यातून आणखी एक बोध निघतो. राष्ट्रीय विजेतीही नोंदींच्या अभावी विस्मृतीत जाऊ शकते, तर तालुका व विद्यापीठ पातळीवर खो-खो, कबड्डी वा धावण्याच्या शर्यती जिंकणाऱ्या विद्यार्थिनींची नावे किती काळ टिकतील? महाविद्यालयांच्या क्रीडा विभागांतील नोंदवह्या, वार्षिकांकांतील पारितोषिकांच्या याद्या व संघांची छायाचित्रे ही उद्याच्या स्थानिक इतिहासाची प्राथमिक साधने होत. जुने कागद रद्दीत काढण्यापूर्वी त्यांचे जतन करणे हे क्रीडा विभागाइतकेच इतिहास विभागाचेही दायित्व आहे.