तीन रुपयांचा बारावा खेळाडू आणि १९७१ चा विजय

वेस्ट इंडीजमधील १९७१ च्या विजयाची कथा बहुधा सुनील गावसकरांच्या ७७४ धावांपासून सांगितली जाते. ती खरी तर बरीच आधी, मुंबईच्या महाविद्यालयीन क्रिकेटमध्ये सुरू होते.

अजित वाडेकर एल्फिन्स्टन महाविद्यालयात विज्ञान शाखेत शिकत होते. अभियंता व्हावे, असा मानस होता. त्याच बसने बाळू गुप्ते महाविद्यालयात जात. हे पुढे कसोटी खेळलेले लेगस्पिनर, सुभाष गुप्ते यांचे धाकटे बंधू. महाविद्यालयाच्या संघाला बारावा खेळाडू हवा होता, आणि भत्ता होता तीन रुपये. वाडेकर तयार झाले. पाणी नेऊन देण्याच्या त्या कामातून ते मैदानावर रुळले ते कायमचे. पुढे रुईया महाविद्यालयात असताना मुंबई विद्यापीठाकडून त्यांनी दिल्ली विद्यापीठाविरुद्ध ३२४ धावांची खेळी केली.

ही खेळी झाली ती रोहिंटन बारिया करंडकात. १९३५ मध्ये ए. डी. बारिया यांनी दिवंगत पुत्र रोहिंटन याच्या स्मरणार्थ हा करंडक दिला आणि आंतरविद्यापीठ स्पर्धा सुरू झाली. पहिला विजेता मुंबई नव्हे, पंजाब विद्यापीठ होते. या स्पर्धेचे महत्त्व तिच्या काळाकडे पाहिल्यावर कळते. त्या वेळी मुंबईत गर्दी खेचणारे सामने धर्मावर आधारलेले होते. हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपियन असे संघ एकमेकांशी झुंजत, आणि १९३७ पासून ‘इतर’ हा पाचवा संघ आल्यावर ती स्पर्धा पंचरंगी झाली. गांधीजींनी १९४० मध्ये तिला जाहीर विरोध केला. अखेर १९४६ मध्ये ती बंद पडली. विद्यापीठाच्या संघात मात्र प्रवेशासाठी धर्म विचारला जात नसे. विद्यार्थी असणे एवढीच अट. आज ही गोष्ट साधी वाटते. त्या मुंबईत ती साधी नव्हती.

वाडेकरांच्या मागोमाग आले दिलीप सरदेसाई. जन्म मडगावचा, पोर्तुगीज अमलातील गोव्यातला. १९५७ मध्ये ते मुंबईत आले. १९५९-६० च्या रोहिंटन बारिया मोसमात त्यांनी ८७ च्या सरासरीने ४३५ धावा काढल्या. एका मोसमाने आयुष्य पालटावे, ते असे. रणजी सामना खेळण्यापूर्वीच भारतीय विद्यापीठांच्या संघातून पुण्यात पाहुण्या पाकिस्तानी संघाविरुद्ध त्यांचे प्रथम श्रेणी पदार्पण झाले, आणि तेथेही त्यांनी ८७ धावाच केल्या! पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९६१ मध्ये, ते कसोटीपटू झाले.

तिसरे नाव गावसकरांचे. सेंट झेवियर्सच्या या विद्यार्थ्याने १९७०-७१ च्या मोसमात गुजरात विद्यापीठाविरुद्ध ३२७ धावा काढून वाडेकरांचा विक्रम तीन धावांनी मोडला.

त्याच मोसमात निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडींऐवजी वाडेकर कर्णधार झाले. मर्चंट स्वतः सिडनहॅम महाविद्यालयाचे विद्यार्थी. सरदेसाईंची जागा त्या वेळी डळमळीत होती, पण वाडेकरांनी त्यांच्यासाठी आग्रह धरला. या आग्रहात निव्वळ मैत्री पाहणे अन्यायाचे ठरेल, कारण त्याचा निकाल पहिल्याच कसोटीत लागला.

किंग्स्टन येथे भारताची अवस्था ५ बाद ७५. गावसकर बोटाच्या दुखण्याने बाहेर बसलेले. सरदेसाईंनी २१२ धावा केल्या. एकनाथ सोलकर यांच्यासह १३७ धावांची भागी रचली. (सोलकर हे हिंदू जिमखान्याच्या माळ्याचे पुत्र. त्यांची वाट वेगळी होती, आणि मुंबई क्रिकेटचे सारे श्रेय महाविद्यालयांना देणाऱ्यांनी ती विसरू नये.) भारत ३८७, वेस्ट इंडीज २१७. पहिला दिवस पावसात वाहून गेल्यामुळे सामना चार दिवसांचा उरला होता. अशा सामन्यात फॉलोऑनसाठी २०० नव्हे, १५० धावांची आघाडी पुरते. वाडेकर थेट सोबर्स यांच्याकडे गेले आणि पुन्हा फलंदाजीला यावे लागेल, असे त्यांना सांगितले. सामना अनिर्णित राहिला, पण यजमानांचा आब डळमळला.

दुसरी कसोटी मार्चमध्ये पोर्ट ऑफ स्पेनला झाली. सरदेसाई ११२. पदार्पण करणारे गावसकर ६५. दुसऱ्या डावात सलीम दुराणी यांनी लॉइड आणि सोबर्स हे दोन्ही मोहरे टिपले, तेव्हा भारतापुढे केवळ १२४ धावांचे लक्ष्य उरले. तीन गडी गेले. चौथा गेला नाही. वेस्ट इंडीजवर भारताचा तो पहिलाच कसोटी विजय, आणि तो मिळाला तेव्हा ६७ धावांवर नाबाद उभे होते गावसकर, त्याच मोसमात मुंबई विद्यापीठाकडून ३२७ धावा केलेले.