पत्रातून डॉक्टर: एका जुन्या प्रश्नावलीकडे संशोधक म्हणून कसं बघायचं?

गेल्या वर्षी गावाकडच्या मावशीसाठी मी फोनवरून व्हिडिओ कन्सल्टेशन घेतलं. आदल्या रात्री सगळी तयारी केली होती. जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची नावं, रक्तदाबाचे आकडे, विचारायचे प्रश्न, सगळं कागदावर लिहून काढलं. डॉक्टरांनी विचारलं, "त्रास कधीपासून आहे?" मी पटकन सांगून टाकलं, "पंधरा दिवस झाले." कॉल संपल्यावर मावशी हळूच म्हणाली, "अगं, दिवाळीपासूनच आहे. पण तुम्हाला कशाला घोर लावायचा?" दिवाळी होऊन तीन महिने झाले होते. मग डॉक्टरांना पुन्हा फोन लावला.

हा किस्सा सांगायचं कारण म्हणजे मी ज्या प्रकारची कागदपत्रं वाचते, त्यांत नेमका हाच प्रश्न पावलोपावली येतो. रुग्णाच्या नावाने जे बोललं जातं, ते खरोखर कोण बोलत असतं? तुमच्यापैकी जे पीएच.डी.च्या प्रवेशाची तयारी करताय, त्यांना साधनं तपासणं म्हणजे काय हे या एका उदाहरणावरून चांगलं कळेल.

चला, अठराव्या शतकातल्या लोझानला जाऊ. आजच्या स्वित्झर्लंडमधल्या या शहरात सॅम्युएल-ऑग्युस्त तिसो (1728–1797) नावाचे डॉक्टर होते. 1761 मध्ये त्यांनी सामान्य लोकांच्या आरोग्यावर एक पुस्तक फ्रेंचमध्ये लिहिलं. त्याची अनेक भाषांत भाषांतरं झाली आणि तिसोंचं नाव युरोपभर पोचलं. त्यांना भेटणं सगळ्यांना शक्य नव्हतं, म्हणून लोक पत्र लिहून सल्ला मागायचे. अशी हजाराहून जास्त कागदपत्रं आज लोझानच्या ग्रंथालयात जपलेली आहेत. तिकडे एडिंबरामध्ये विल्यम कलन (1710–1790) हेच काम करत होते. जेम्स वॉटने पत्रांच्या नकला काढायचं यंत्र शोधलं, तेव्हा कलननी 1781 पासून ते वापरायला घेतलं. त्यामुळे त्यांच्याकडे आलेली पत्रं तर टिकलीच, त्यांनी दिलेली उत्तरंही टिकली. ग्लासगो विद्यापीठाने हा सगळा संग्रह ऑनलाइन खुला केला आहे. घरबसल्या वाचता येतो, जरूर बघा.

आता मुख्य साधनाकडे येऊ. तिसोंच्या पुस्तकात एक प्रश्नावली आहे. डॉक्टरांचा सल्ला घेताना ज्यांची उत्तरं देता आलीच पाहिजेत, असे हे प्रश्न. वय किती? आधी तब्येत कशी होती? आजार कधी आणि कसा सुरू झाला? ताप आहे का? नाडी कठीण लागते की मऊ? रुग्ण दिवसा अंथरुणावर असतो की उठतो? तहान, तोंडाची चव, झोप, भूक, शौच, लघवी कशी आहे? आतापर्यंत कोणती औषधं घेतली आणि त्यांचा काय परिणाम झाला? बायकांसाठी आणि लहान मुलांसाठी वेगळे प्रश्न आहेत. त्याच पुस्तकात भोंदू वैद्यांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. म्हणजे डॉक्टर कसा निवडायचा आणि त्याच्यासमोर जाताना काय तयारी करायची, हे दोन्ही प्रश्न तिसोंनी 1761 मध्येच हाताळले होते.

नवखा विद्यार्थी इथे दोन चुका करतो.

पहिली चूक म्हणजे "बघा, टेलिमेडिसिन अडीचशे वर्षं जुनं आहे!" असं म्हणून मोकळं होणं. हे ऐकायला छान वाटतं, पण त्यातून काहीच समजत नाही. विचारायला हवं ते असं: न बघता, न तपासता दिलेल्या सल्ल्यावर त्या काळच्या लोकांचा विश्वास कसा काय बसायचा? याचं उत्तर त्या काळच्या वैद्यकात आहे. तेव्हा रुग्णासमोर बसलेला डॉक्टरही मुख्यतः त्याचं म्हणणं ऐकायचा, नाडी बघायचा, जीभ आणि लघवी बघायचा. शरीराच्या आत डोकावण्याची साधनं जवळजवळ नव्हती. त्यामुळे रुग्णाची हकीकत हाच निदानाचा मोठा आधार होता, आणि हकीकत पत्रातूनही पाठवता येते. लाएनेकने पॅरिसमध्ये 1816 साली स्टेथोस्कोप बनवला, मोठी रुग्णालयं आणि शवविच्छेदन यांना महत्त्व आलं, तसा डॉक्टरांचा भर रुग्णाच्या शब्दांवरून त्याच्या शरीरावर सरकला. एन. डी. ज्यूसन यांनी 1976 च्या एका गाजलेल्या लेखात असं मांडलं की या बदलात आजारी माणूस वैद्यकाच्या विचारविश्वातूनच नाहीसा झाला. लेख छोटा आहे, वाचाच. मग ज्यूसनशी कुठे पटत नाही, तेही लिहून काढा.

दुसरी चूक जास्त धोक्याची आहे. प्रश्नावली हाती लागली की आपण समजतो, रुग्ण असंच लिहीत असणार. पण प्रश्नावली हे नियम सांगणारं साधन आहे. लोकांनी काय करावं असं तिसोंना वाटत होतं, एवढंच ती सांगते. लोकांनी खरंच काय केलं, हे बघायला पत्रांकडेच जावं लागतं. आणि पत्रं उघडली की दिसतं, अनेकदा लिहिणारा हात रुग्णाचा नाहीच. कधी नवरा बायकोबद्दल लिहितो, कधी बाप मुलाबद्दल, कधी गावातला डॉक्टर आपल्या रुग्णाबद्दल. तिसोंचं पुस्तकही थेट शेतकऱ्याच्या हाती पडेल अशी अपेक्षा नव्हती. ते धर्मगुरू, जमीनदार, शिक्षक अशा शिकलेल्या मंडळींसाठी होतं, त्यांनी वाचून गरिबांना मदत करावी म्हणून. म्हणजे मधला माणूस या व्यवस्थेत पहिल्यापासूनच बसवलेला होता.

रॉय पोर्टर यांनी 1985 मध्ये आवाहन केलं की वैद्यकाचा इतिहास रुग्णाच्या बाजूने, खालून लिहा. ते रास्तच होतं. पण "रुग्णाचा आवाज" म्हणून जो कागद आपण हाती धरतो, त्यावर माझ्यासारखी एखादी भाची बसलेली असू शकते, हे विसरून चालत नाही.

म्हणून असं कोणतंही साधन वाचताना चार प्रश्न समोर ठेवा. लिहितंय कोण? त्याला रुग्णाबद्दल कसं कळलं? रुग्णाने त्याच्यापासून काय लपवलं असेल, आणि का? प्रश्नांच्या चौकटीत न बसणारं काय सांगितलं गेलंय? शेवटच्या प्रश्नातून सगळ्यात जास्त हाती लागतं. प्रश्नावली सोडून माणूस जिथे भलतंच काही सांगायला लागतो, तिथे तो स्वतःच्या मनातली गोष्ट सांगत असतो.

आता आजच्या काळात या. भारतात टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं 25 मार्च 2020 ला, लॉकडाऊनच्या पहिल्याच दिवशी आली. व्हिडिओ, आवाज आणि मजकूर अशा तीन मार्गांना त्यांत मान्यता आहे. डॉक्टर नोंदणीकृत हवा, प्रिस्क्रिप्शनवर त्याचा नोंदणी क्रमांक हवा, तातडीच्या रुग्णाला लवकरात लवकर प्रत्यक्ष उपचारांकडे पाठवायला हवं. काही औषधं पहिल्या भेटीत फक्त व्हिडिओवर बघूनच देता येतात, काही तर अजिबात देता येत नाहीत. रुग्णाच्या वतीने बोलणाऱ्या काळजीवाहकाचाही त्यांत वेगळा विचार आहे. हा दस्तऐवज तिसोंच्या पुस्तकाशेजारी ठेवून वाचा. भोंदूंची जी भीती तिथे प्रकरणभर पसरली आहे, ती इथे नोंदणी क्रमांकाच्या रूपात दिसते. मधला माणूस दोन्हीकडे आहे. पण लक्षात ठेवा, हीसुद्धा नियम सांगणारीच साधनं आहेत. प्रत्यक्ष कॉलवर काय होतं, ते त्यांत सापडणार नाही.

सरावासाठी एक काम देते. कलनच्या संग्रहातलं कोणतंही एक पत्र निवडा आणि तिसोंची प्रश्नावली शेजारी ठेवा. कुठल्या प्रश्नांची उत्तरं मिळतात, कुठली नाहीत, आणि न विचारता काय सांगितलंय, असे तीन रकाने करा. तिसरा रकाना भरला की तुमचा संशोधन प्रश्न बहुधा तिथेच सापडेल.

आणि घरच्या कुणासाठी ऑनलाइन डॉक्टर बघणार असाल, तर रिपोर्ट, गोळ्या, आकडे जरूर तयार ठेवा. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांकही बघून घ्या. पण कॉल लागला की फोन त्यांच्या हातात द्या आणि दोन मिनिटं खोलीबाहेर जा. मावशीच्या पुढच्या कॉलला मी तेच केलं. ती वीस मिनिटं बोलली.