हंफ्री रेप्टनचें अंगण

घरापुढील मोकळ्या जागेंत येत्या वसंतांत काय लावावें, याचा विचार करतांना गृहस्थ माती, पाणी आणि ऊन यांचा हिशेब करतो. पण कुंपण कोठें घालावें हें ठरवितांना तो नकळत आणखीही एक गोष्ट ठरवीत असतो. ती ही कीं, घरांतून काय दिसावें आणि काय दिसूं नये. बागांच्या इतिहासांत या दुसऱ्या प्रश्नाचें अत्यंत बोलकें उदाहरण म्हणजे हंफ्री रेप्टन या इंग्रज उद्यानरचनाकाराचें स्वतःचें अंगण होय.

रेप्टनचा जन्म १७५२ सालचा. कापडाच्या व्यापारांत त्यास यश आलें नाहीं. तेव्हां १७८८ सालीं, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, त्यानें उद्यानरचनेचा व्यवसाय पत्करला. या कलेंतील प्रख्यात पुरुष लॅन्सलॉट ब्राउन हा १७८३ सालीं निवर्तला होता. हिरवळ थेट वाड्याच्या भिंतीस आणून भिडवावयाची, ही ब्राउनची पद्धति. रेप्टन प्रथम त्याच वाटेनें गेला; पुढें मात्र फुलांचे ताटवे, फरसबंद ओटे आणि वेलींचे मांडव त्यानें पुन्हां घराच्या दाराशीं आणले.

आराखडा समजावून देण्याची त्याची रीत मोठी चतुर होती. तांबड्या चामड्याच्या बांधणीचें एक हस्तलिखित पुस्तक तो यजमानास देई. त्यांतील रंगीत चित्रावर कागदाचा एक लहानसा पडदा चिकटविलेला असे. पडदा खालीं असतांना जागा आहे तशी दिसे. तो उचलला कीं होणारी बाग दृष्टीस पडे. कुदळ जमिनीस लागण्यापूर्वींच यजमानास आपल्या खर्चाचें फळ पाहावयास मिळे.

२९ जानेवारी १८११ रोजीं एका नृत्यसमारंभाहून मुलींसह परततांना रेप्टनची गाडी उलटली व त्याच्या पाठीच्या कण्यास दुखापत झाली. पुढील आयुष्यांत त्यास वारंवार चाकांच्या खुर्चीचा आश्रय घ्यावा लागला. १८१६ सालीं त्याचें अखेरचें पुस्तक निघालें. त्यांत उमरावांच्या वाड्यांबरोबर त्यानें एसेक्समधील हेअर स्ट्रीट या खेड्यांतील आपल्या साध्या घराचेंही चित्र दिलें. या घरांत तो १७८६ पासून राहत होता. घरापुढें गांवाची सामाइक हिरवळ होती. मराठी मुलुखांतील गायरानासारखी.

चित्रावरील पडदा खालीं असतांना कुंपण खिडकीच्या अगदीं जवळ दिसतें. कुंपणाशीं एक अपंग भिकारी उभा आहे. समोर खाटकाचें दुकान असून मांस टांगलेलें आहे. पडदा उचलतांच सारें पालटतें. परवानगी मिळवून रेप्टननें कुंपण सुमारे वीस यार्ड पुढें सरकविलें होतें. त्या जागेंत फुलझुडुपें व सदाहरित झाडें उभीं राहिलीं. दुकान झांकलें गेलें, भिकारी नाहींसा झाला. हमरस्त्यावरील वर्दळ मात्र त्यानें बुद्ध्या दिसूं दिली. एकाकी उद्यानापेक्षां ती हालचाल त्यास प्रिय होती.

हीं वीस यार्डें लहान खरीं. पण तो काळ पार्लमेंटच्या कायद्यांनीं सामाइक जमिनींना कुंपणें घालण्याचा होता, आणि त्यामुळें अनेक गरिबांचा गुरें चारण्याचा हक्क बुडत होता. रेप्टनला हें ठाऊक नव्हतें असें नाहीं. त्याच पुस्तकांत त्यानें दुसरी एक जागा चितारली आहे. तेथें जुन्या मालकाच्या वेळीं वाटसरूंना बसावयास बांक व कुंपण ओलांडण्यास शिडी होती. नव्या श्रीमंत मालकानें झाडें तोडलीं, उंच कुंपण घातलें आणि माणसें पकडणाऱ्या सांपळ्यांची धमकी देणारी पाटी लावली. त्या मालकावर रेप्टननें कडक टीका केली आहे.

परक्याचें कुंपण त्यास इतकें स्पष्ट दिसलें. स्वतःच्या खिडकीपुढील कुंपण मात्र त्यास चित्राच्या सुंदर चौकटीसारखें वाटलें. यांत त्याचा दांभिकपणा नव्हता. दिवसेंदिवस खिडकीशीं बसावें लागणाऱ्या आजारी माणसास चार फुलें जवळ असावींत, ही इच्छा अत्यंत स्वाभाविक होती. परंतु स्वाभाविक इच्छेचीही किंमत कोणीतरी देतच असतो.

२४ मार्च १८१८ रोजीं, वसंताच्या आरंभीं, रेप्टन वारला. नॉरफोकमधील एल्शम येथें त्याच्या इच्छेप्रमाणें त्याच्या थडग्यापाशीं गुलाब लावण्यांत आले. त्याच्या पुस्तकांतील तो कागदी पडदा आजही उचलतां येतो आणि फुललेलें अंगण दिसतें. पण पडदा खालीं सोडला कीं तो भिकारी पुन्हां कुंपणाशीं येऊन उभा राहतो.