कमरेला पिस्तूल की हातात नियम? शस्त्र परवान्याचा इतिहास काय सांगतो

जयंतीच्या मिरवणुकीवर दगडफेक झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी एका वस्तीत गेले होते. बैठक संपल्यावर बावीस-तेवीस वर्षांचा एक पोरगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, शस्त्र परवाना कसा काढायचा? आणि परवाना नाहीच मिळाला, तर गावठी कट्टा द्यायला एक जण तयार आहे." मी काही बोलायच्या आत तो पुढे म्हणाला, "पोलीस यायला दोन तास लागले. ते दोन तास आमच्या आया-बहिणींना कोण राखणार होतं?"

या पोराला "आपण बुद्धाची माणसं, असं बोलू नये" असं सांगून गप्प करता आलं असतं. पण त्याचा प्रश्न खरा आहे आणि त्याला इतिहास आहे. तो इतिहास आपण त्याला दिला नाही, तर दुसरं कोणीतरी त्याला कट्टा देईल. म्हणून हा लेख.

शस्त्र कोणी धरायचं, हे कोणी ठरवलं?

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात धर्मावर संकट आलं तर शस्त्र उचलायची मुभा आहे. पण ती द्विजांना. 'जातिव्यवस्थेचे उच्चाटन'मध्ये बाबासाहेबांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. इतर देशांत पिळलेल्या वर्गांनी बंड केलं, मग इथे का झालं नाही? त्यांचं उत्तर असं होतं की इथल्या खालच्या वर्गांकडून शस्त्र आणि शिक्षण ही साधनं धर्माच्या नावाने आधीच काढून घेतली होती. म्हणजे निःशस्त्र असणं हा आपला स्वभाव नव्हता, ती आपल्यावर लादलेली अवस्था होती.

गंमत पाहा. गावाच्या वेशीवर रात्रभर काठी घेऊन पहारा देणारा वेसकर महारच होता. गावाचं रक्षण त्याने करायचं, स्वतःच्या वस्तीचं मात्र करायचं नाही!

१ जानेवारी १८१८ ला भीमा कोरेगावला महार सैनिक कंपनीच्या फौजेत लढले. पण १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच इंग्रजांनी 'लढवय्या जाती'चा सिद्धांत पुढे करून महारांची भरती बंद केली. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला, पुढे शिवराम जानबा कांबळ्यांनी लिहिला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं आणि १९२१ मध्ये ती मोडली. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता.

दरम्यान १८७८ चा शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना लागायचा, युरोपियनाला सूट होती. धर्मग्रंथाने जे जातीवर केलं, ते कायद्याने वंशावर केलं. दोन्हीकडे मुद्दा एकच: शस्त्र वाईट की चांगलं हा प्रश्नच नव्हता, परवानगी कोणाला हा प्रश्न होता.

माँटगोमेरीचा अर्ज

अमेरिकेतल्या काळ्या माणसांचा लढा आपल्याला परका नाही. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही लढ्यांचं नातं सांगितलं होतं. त्या लढ्यातली एक गोष्ट आपल्याकडे फार कमी सांगितली जाते.

३० जानेवारी १९५६. माँटगोमेरीत बसवरचा बहिष्कार चालू होता. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घराच्या ओसरीवर बॉम्ब टाकला गेला. घरात पत्नी आणि तान्हं बाळ होतं. किंग यांनी त्यानंतर गाडीत बंदूक बाळगण्यासाठी परवान्याचा अर्ज केला. घरावर बॉम्ब पडलेल्या माणसापेक्षा मोठं कारण कोणाकडे असणार? पण अर्ज नाकारला गेला. कारण परवाना देणारा अधिकारी गोरा होता आणि दिवस वंशभेदाचे होते.

त्या काळात त्यांच्या घरात हत्यारं होती. भेटायला आलेला एक पत्रकार खुर्चीवर बसायला गेला, तर खुर्चीत पिस्तूल पडलेलं होतं. सोबतच्या बेयर्ड रस्टिन यांनी ओरडून त्याला थांबवलं. घरात लहान मूल, येणारी-जाणारी माणसं आणि खुर्चीत पिस्तूल! हे रक्षण म्हणायचं की दुसरा बॉम्ब? पुढे किंग यांनी बंदूक घराबाहेर काढली. घरात बंदूक असताना भीती उलट वाढली होती, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

पँथरचं नाव घेतलं, बंदूक का नाही?

१९६६ मध्ये ओकलंडला ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पार्टी काढली. त्यांचे फोटो आपल्या पोरांच्या मोबाईलवर असतात: काळं जॅकेट, हातात बंदूक. पण फोटोत न दिसणारी गोष्ट म्हणजे कायद्याचं पुस्तक. कॅलिफोर्नियात तेव्हा भरलेली बंदूक उघडपणे बाळगणं कायदेशीर होतं, म्हणून ते उघड बाळगायचे. नळी कोणावर रोखायची नाही, कारण रोखली की गुन्हा. पोलिसांपासून कायद्याने सांगितलेलं अंतर ठेवायचं आणि पकडलेल्या माणसाला त्याचे हक्क मोठ्याने वाचून दाखवायचे.

मग काय झालं? १९६७ मध्ये मलफोर्ड कायदा आला आणि भरलेली बंदूक उघड बाळगणं बंद झालं. त्यावर सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन. गोऱ्यांच्या हातातली बंदूक वर्षानुवर्षं कोणाला खुपली नव्हती. काळ्यांच्या हातात दिसली आणि कायदाच बदलला.

१९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांच्या पिढीने दलित पँथर उभी केली. त्यांनी नाव घेतलं, बाणा घेतला, बंदूक घेतली नाही. काही जण याला कमजोरी म्हणतात. मला ती समज वाटते. गावात आपण अल्पसंख्य, जमीन त्यांची, पोलीस ठाण्यात ओळख त्यांची. अशा ठिकाणी पहिली गोळी आपली सुटली, की पुढच्या दहा वर्षांचा खटला आपल्याच पोरांवर चालतो. महाडला १९२७ मध्ये हल्ला झाला तेव्हा बाबासाहेबांसोबत लष्करात राहिलेली माणसं होती. मारणं त्यांना जमलं नसतं का? बाबासाहेबांनी त्यांना आवरलं आणि हल्लेखोरांना कोर्टात उभं केलं.

आपल्या हातातलं हत्यार: नियम ३

मग दोन तासांचं काय? इथे मला तरुणांना एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे, कारण कार्यकर्त्यांनासुद्धा ती माहीत नसते. अॅट्रॉसिटी कायदा १९८९ चा, त्याचे नियम १९९५ चे. त्यातला नियम ३ अत्याचार होण्याआधीचा आहे. अत्याचाराची शक्यता असलेलं क्षेत्र सरकारने ओळखायचं. गरज असेल तर तिथल्या बिगर-दलित, बिगर-आदिवासी लोकांचे शस्त्र परवाने रद्द करून हत्यारं सरकारी शस्त्रागारात जमा करायची. बेकायदा हत्यारं जप्त करायची. गरज पडल्यास अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना स्वसंरक्षणासाठी परवाने द्यायचे. खास पोलीस दल नेमायचं.

क्रम नीट वाचा. आधी दहशत माजवणाऱ्याचं हत्यार काढायचं, मग पीडिताला परवाना. मनूने लावलेला क्रम कायद्याने उलटा केला आहे. आपण मात्र अर्जच करत नाही. खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारलं. सुरेखाताई आणि प्रियंका आधीच्या मारहाणीतल्या साक्षीदार होत्या आणि आरोपी जामिनावर सुटून आले होते. धोका कागदावर दिसत होता. तो ओळखून आधी पावलं उचलायची, हेच नियम ३ सांगतो.

परवाना मिळालाच तर

एखाद्या साक्षीदाराला परवाना मिळालाच, तर तो मिरवायचा दागिना नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार पिस्तूल होल्स्टरमध्ये, झाकलेलं आणि आपल्या ताब्यात असावं लागतं. ते बाहेर काढून नाचवायला बंदी आहे. खास परवानगीशिवाय जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, सभेत, शाळा-कॉलेजात ते नेता येत नाही. म्हणजे ज्या गर्दीत आपल्यावर दगड पडतात, तिथे ते चालतच नाही. आधी रीतसर प्रशिक्षण, घरी कुलूपबंद कपाट, गोळ्या वेगळ्या, पोरांच्या हाती किल्ली नाही. दारू घेतली असेल तर हात लावायचा नाही. मारायची वेळ येईपर्यंत बोट घोड्यावर ठेवायचं नाही. आणि रील तर अजिबात नाही.

गावठी कट्ट्याचं तर नावच नको. विनापरवाना हत्यार सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षांची कैद आहे. शिवाय कट्टा हातातच फुटतो. विरोधकाला तुमच्यावर दगडही मारावा लागत नाही, पोलिसांना एक फोन पुरतो.

त्या पोराला मी हे सगळं सांगितलं. तो रागावला. म्हणाला, "म्हणजे परत अर्जच?" हो, परत अर्ज. पण या वेळी अर्ज "आम्हाला वाचवा" असा नव्हता. नियम ३ चा उल्लेख, दगडफेकीची तारीख-वेळ, गावात कोणाकडे परवान्याची बंदूक आहे त्याची यादी आणि परवाने रद्द करण्याची मागणी. सह्या वस्तीतल्या बायकांनी आधी केल्या. अर्ज जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांकडे दिला, पोच घेतली, दक्षता व नियंत्रण समितीकडे प्रत दिली. या समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हायलाच हवी. आपल्या जिल्ह्यात ती शेवटची कधी झाली, हे किती जणांना माहीत आहे?

अजून कोणाचा परवाना रद्द झालेला नाही, हेही सांगते. पण अर्जानंतर पोलिसांची गाडी वस्तीत फिरू लागली आणि त्या पोराने कट्ट्याचा विषय पुन्हा काढला नाही. पोच पावतीची घडी करून त्याने ती पाकिटात ठेवली आहे. पुढच्या तारखेला तो माझ्यासोबत येणार आहे.

तुमच्या गावात परवान्याच्या बंदुका किती आणि कोणाच्या घरात? आजपासून ती यादी करायला घ्या.

जय भीम!