तळटीप : व्हॅली फोर्जमधील मृत्यू

लेखकाने येथे मृत्यूंचे खापर थंडीवर फोडले आहे. समज रूढ असला तरी तो पुराव्यावर टिकत नाही. पेनसिल्व्हेनियातील या छावणीत, जिथे आज राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात जॉर्ज वॉशिंग्टनचे सुमारे १२,००० सैन्य १९ डिसेंबर १७७७ ते १९ जून १७७८ राहिले. सुमारे २,००० जण दगावले. मात्र बहुतेक मार्च ते मे या काळात, थंडी ओसरताना, आणि टायफस, विषमज्वर, हगवण अशा रोगांनी. १४ बाय १६ फुटांच्या ओंडक्यांच्या झोपडीत बारा जण दाटीवाटीने राहत. धूर, ओल, कुजलेला पेंढा आणि बाहेर न पुरलेले मेलेले घोडे, एवढे साथ पसरायला पुरेसे होते. आज उद्यानात दिसणाऱ्या नीटनेटक्या झोपड्या नंतर बांधलेल्या प्रतिकृती आहेत. त्यांतून ही कोंदट घाण कळत नाही.

यावर आक्षेप येईल की, २३ डिसेंबरच्या पत्रात वॉशिंग्टननेच २,८९८ सैनिक अनवाणी, वस्त्रहीन असल्याने कामास निरुपयोगी असल्याचे लिहिले होते. ते खरेच आहे, आणि थंडीने शरीरे खंगली हेही मान्य. पण याच सैन्याचा मॉरिसटाउनच्या छावणीतला १७७९-८० चा हिवाळा याहून कितीतरी कडक असूनही तेथे शंभराच्या आसपासच मृत्यू झाले. तोवर झोपड्यांची आखणी आणि स्वच्छता यांची शिस्त सैन्यात रुजली होती. हवामानाला दोषी धरले की रसद खात्याची हेळसांड नजरेआड होते. मार्च १७७८ मध्ये जनरल नॅथानिएल ग्रीनकडे वाहतूक व साहित्याची जबाबदारी दिल्यावरच त्या खात्याला वळण लागले.