परिचर्या व्यवसाय आणि तंत्रज्ञान

परिचर्या व्यवसाय आणि तंत्रज्ञान यांचा परस्परसंबंध हा परिचर्येच्या इतिहासातील व समाजशास्त्रातील एक अभ्यासविषय आहे. नव्या उपकरणांमुळे परिचारिकांच्या कामाची व्याप्ती कशी बदलली आणि त्या स्वतः या बदलाकडे कसे पाहतात, याचा विचार त्यात केला जातो. मार्गारेटे सँडेलोव्स्की यांचा अमेरिकेतील परिचर्येविषयीचा 'डिव्हाइसेस अँड डिझायर्स' (२०००) हा ग्रंथ या विषयात महत्त्वाचा मानला जातो.

पार्श्वभूमी

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 'नोट्स ऑन नर्सिंग' (१८५९) या पुस्तकात रुग्णाच्या निरीक्षणावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. हे निरीक्षण डोळे, कान व हात यांनी करावयाचे होते. त्यानंतर काही वर्षांतच थर्मामीटर रुग्णशय्येपाशी आला. आधीचे थर्मामीटर सुमारे फूटभर लांब असत व तापमान घेण्यास वीस मिनिटे लागत. टॉमस क्लिफर्ड ऑलबट यांनी १८६६ च्या सुमारास सहा इंची थर्मामीटर तयार केला. त्यास पाच मिनिटे पुरत. दिवसातून अनेकदा तापमान टिपण्याचे काम पुढे परिचारिकांकडे आले. मात्र आकडा परिचारिकेने नोंदवायचा आणि अर्थ डॉक्टरांनी लावायचा, अशी विभागणी रूढ झाली. रक्तदाबमापन व शिरेतून द्रव देणे ही कामेही प्रथम डॉक्टरांची होती. ती नित्याची झाल्यावर परिचारिकांकडे सोपवली गेली.

हृदयरोग अतिदक्षता विभाग

ही विभागणी ठळकपणे मोडली ती १९६० च्या दशकात. तोपर्यंत हृदयविकाराचा झटका आलेले रुग्ण सर्वसाधारण कक्षांत विखुरलेले असत आणि हृदयाच्या ठोक्यांतील घातक बिघाड अनेकदा कोणाच्या लक्षात येण्यापूर्वीच मृत्यू ओढवे. १९६१ मध्ये डेस्मंड ज्युलियन यांनी अशा रुग्णांसाठी स्वतंत्र विभागाची कल्पना मांडली. १९६२ मध्ये ह्यूज डे यांनी कॅन्सस सिटी येथील बेथनी रुग्णालयात असा विभाग सुरू केला.

हृदय थांबल्यानंतर मेंदूस अपाय होण्यास काही मिनिटेच पुरतात, आणि त्या वेळी खाटेजवळ असते ती परिचारिका. फिलाडेल्फियात लॉरेन्स मेल्टझर व परिचारिका रोझ पिनिओ यांनी उभारलेल्या विभागात हेच सूत्र धरले गेले. परिचारिकांना विद्युत्-हृदयालेख वाचण्याचे शिक्षण देण्यात आले, तसेच डॉक्टरांची वाट न पाहता विद्युत्-धक्का देण्याची मुभाही मिळाली. निदान हा केवळ डॉक्टरांचा अधिकार, या समजुतीला त्यामुळे तडा गेला. यंत्र विरुद्ध मायेचा स्पर्श ही लोकप्रिय मांडणी येथे अपुरी पडते, कारण या विभागात यंत्रानेच परिचारिकेच्या निर्णयाला वजन मिळवून दिले.

संगणकीकरण

अमेरिकन नर्सेस असोसिएशनने १९९२ मध्ये परिचर्या माहितीशास्त्रास विशेष शाखा म्हणून मान्यता दिली. संगणकीय नोंदींविषयी परिचारिकांची मते मात्र संमिश्र आहेत. औषधाच्या मात्रेतील चूक वेळीच लक्षात येणे व हस्ताक्षराचा घोळ टळणे, हे लाभ त्या मान्य करतात. ठरावीक चौकटींत खूण करताना रुग्णाच्या अस्वस्थतेविषयीचे आपले आकलन नोंदवायला जागा उरत नाही, ही तक्रार अधिक खोलवरची आहे. मॉनिटरच्या सततच्या सूचनाध्वनींमुळे त्यांकडे दुर्लक्ष होण्याचा धोकाही असतो. अमेरिकेतील जॉइंट कमिशनने २०१३ मध्ये याबाबत इशारा प्रसिद्ध केला. 'तंत्रज्ञानातील प्रावीण्य हेच शुश्रूषेचे एक रूप' असा सिद्धान्त रोझानो लॉक्सिन यांनी मांडला आहे.

भारतातील स्थिती

भारतात हा प्रश्न मोठ्या रुग्णालयांपुरता मर्यादित नाही. उपकेंद्रांतील सहाय्यक परिचारिका-प्रसाविकांसाठी २०१६ मध्ये 'अनमोल' हे टॅबलेटवरील उपयोजन आणले गेले. गरोदर माता व बालकांच्या नोंदी त्यात भरावयाच्या असतात. जेथे कागदी नोंदवह्याही चालू राहतात, तेथे तेच काम दोनदा करावे लागते आणि तो वेळ गृहभेटींतून जातो.

महाराष्ट्रातील शासकीय रुग्णालयांत अधिपरिचारिका, परिसेविका व अधिसेविका ही पदनामे रूढ आहेत. ती शुश्रूषा व सेवा दर्शवतात. अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटर सांभाळणाऱ्या परिचारिकेचे तांत्रिक कौशल्य त्यांतून व्यक्त होत नाही. केंद्र सरकारने २०१६ मध्ये आपल्या रुग्णालयांतील 'स्टाफ नर्स' हे पदनाम बदलून 'नर्सिंग ऑफिसर' असे केले.