इसबाचा दोष मनाच्या माथी

१८९१ साली ब्रोक आणि जाके या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञांनी जुनाट, खाजऱ्या इसबासाठी ‘न्यूरोडर्माटायटिस’ ही संज्ञा रूढ केली. नावातच निदान होते: विकार मज्जातंतूंचा, त्वचा केवळ निमित्त.

मनोविश्लेषकांनी पुढे मज्जातंतूंच्या जागी मन बसवले. शिकागोच्या फ्रान्झ अलेक्झांडर यांनी १९५० मध्ये दमा, जठरव्रण यांच्या पंगतीत हा आजारही मांडला. दडपलेल्या भावना शरीरावाटे बाहेर पडतात, हे त्यामागचे गृहीतक. रात्ररात्र खाजवत जागणाऱ्या प्रौढाची चिंता आणि नैराश्य हा आजाराचा परिणाम न ठरता आजाराचे मूळ ठरू लागले. सोसणाऱ्यावरच ठपका आला.

वास्तविक १९५२ मध्येच सुल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिझोनच्या मलमाने इसब शमवून दाखवले होते. मलमाला कोणाच्या दडपलेल्या भावना ठाऊक नसतात!

१९९४ मध्ये कार्डिफच्या फिनले आणि खान यांनी त्वचारुग्णांसाठी दहा प्रश्नांची प्रश्नावली रचली. गेल्या आठवड्यात खाज किती सुटली? संकोच किती वाटला? कपडे निवडताना, कामावर, जवळच्या नात्यांत अडचण किती आली? उत्तरांची बेरीज ० ते ३०. मनात काय दडले आहे यापेक्षा आजाराने काय हिरावले, हे येथे विचारले गेले.

२००६ मध्ये अनेक रुग्णांत फिलॅग्रिन या त्वचारक्षक प्रथिनाच्या जनुकात दोष आढळला. तणावाने खाज वाढते, हेही खरेच. पण जर्मन भाषेत या आजाराला आजही सर्रास ‘नॉयरोडर्मिटिस’च म्हणतात.